गोळा लोटत हसवायचं: केइता ताकाहाशींच्या कामावरून आठवडी बाजाराचा छोटा गेम बनवण्याची रीत

जपानी गेमकार केइता ताकाहाशींचा ‘कटामारी दामासी’ हा गेम १८ मार्च २००४ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. ५ सेंटिमीटर उंचीचा राजपुत्र एक चिकट गोळा लोटत नेतो. गोळ्याला बारीकसारीक वस्तू चिकटतात, गोळा वाढतो, मग त्याला मोठ्या वस्तू चिकटायला लागतात. संपूर्ण गेम तेवढाच. त्यातली सगळी विनोदी वाक्यं काढून टाकली तरी खेळणारा हसतोच, कारण हसू नियमातच आहे: मघाशी ज्या मांजरानं आपल्याला उडवून लावलं, तेच पाच मिनिटांनी आपल्या गोळ्याला चिकटून पाय झाडतं.

हाच नियम घेऊन मराठवाड्यातल्या आठवडी बाजारावर तीन टप्प्यांचा गेम कसा उभा करायचा, ते इथे दिलं आहे. साधन म्हणून गोडो ४ हे गेम बांधण्याचं फुकट इंजिन धरलं आहे. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. गोडोमध्ये एखादा घन इकडून तिकडे हलवण्याइतका सराव मात्र आधी हवा.

ताकाहाशींकडून नेमकं काय घ्यायचं

त्यांचा जन्म १९७५ चा, शिक्षण मुसाशिनो आर्ट युनिव्हर्सिटीत, तेही शिल्पकलेचं. शिकत असताना त्यांनी बकरीच्या आकाराची कुंडी केली होती. झाडाला घातलेलं जास्तीचं पाणी बकरीच्या आचळांतून गळायचं. कुंडीला भोक पाडावंच लागतं, ते कुठं पाडायचं एवढंच त्यांनी ठरवलं. आपला गेम बांधताना हीच कसोटी लावायची: गमतीची गोष्ट काढून टाकली तर वस्तू निकामी होते का? होत असेल तर विनोद बरोबर जागी बसला आहे. होत नसेल तर तो वरून चिकटवलेला आहे, आणि दुसऱ्यांदा खेळताना त्याचा कंटाळा येणार.

१९९९ मध्ये ते नामको या गेम कंपनीत कलाकार म्हणून लागले. कटामारीतल्या वस्तूंच्या मॉडेलिंगला नामकोशी जोडलेल्या प्रशिक्षणवर्गाचे विद्यार्थी घेतले होते. अमेरिकेत हा गेम २० डॉलरच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या गेमपेक्षा बऱ्याच कमी किमतीला विकला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं तो आपल्या संग्रहात घेतला. त्यातल्या वस्तू ठोकळेबाज आहेत, रंग सपाट आहेत, गाय म्हणजे चौकोनी डबा. हे मुद्दाम लक्षात ठेवा, कारण नवशिक्या मंडळींचा निम्मा वेळ शेळीचे केस काढण्यात जातो.

पुढचं थोडक्यात. २००५ च्या दुसऱ्या कटामारीत त्यांनी कथेचा विषयच ‘पहिला गेम लोकांना आवडला, आता त्यांच्या फर्माइशी पुऱ्या करा’ असा घेतला. २००९ च्या ‘नोबी नोबी बॉय’मध्ये एक लांबट प्राणी ताणायचा. जगभरातल्या खेळाडूंनी ताणलेली लांबी एकत्र मोजून त्या बळावर गर्ल नावाचं पात्र पृथ्वीवरून ग्रहाग्रहांकडे सरकायचं. २०१० मध्ये त्यांनी नामको सोडलं. २०१९ चा ‘वॉटम’, मग हाताने फिरवायची दांडी असलेल्या प्लेडेट यंत्रावरचा २०२२ चा क्रँकिनचा गेम, आणि २०२५ चा ‘टू अ टी’. या शेवटच्या गेममधल्या मुलाचे दोन्ही हात कायम आडवे पसरलेले असतात. थ्रीडी मॉडेलला हालचाल देण्यापूर्वी ते जसं उभं असतं, तसाच तो उभा आहे. तो तसाच दात घासतो, तसाच शाळेत जातो.

या सगळ्यातून आपल्या कामाचे नियम तीन: एकच कृती, साधे ठोकळे, आणि तांत्रिक मर्यादा लपवण्याऐवजी पात्राच्या गळ्यात बांधणे. नोबी नोबी बॉयची वाट मात्र पहिल्याच गेमला धरू नका. ध्येय नसलेला खेळ रंगवायला ध्येय असलेल्यापेक्षा जास्त कसब लागतं.

मोजमाप आधी, चित्रं नंतर

गोडोमध्ये १ एकक म्हणजे १ मीटर धरलं जातं. ५ सेंटिमीटरचा गोळा त्या मापानं केला तर तो थरथरतो आणि जमिनीतून आरपार जातो, कारण इतक्या लहान आकारांसाठी भौतिकीचा हिशेब बेतलेलाच नसतो. म्हणून तीन टप्पे करून प्रत्येकाचं माप वेगळं ठेवायचं. पहिल्यात १ एकक म्हणजे १० सेंटिमीटर, दुसऱ्यात ८० सेंटिमीटर, तिसऱ्यात ६.४ मीटर. प्रत्येक टप्प्यात गोळा ०.५ एककापासून ४ एककांपर्यंत वाढतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीनं तो ५ सेंटिमीटरपासून ४० सेंटिमीटर, तिथून ३.२ मीटर, आणि तिथून २५.६ मीटर होतो. इंजिनाच्या दृष्टीनं तो कायम सोयीच्या मापात राहतो.

वाढीचा हिशेब घनफळावर. वस्तूची लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याचं घनमूळ काढा. ते त्या वस्तूचं ‘माप’. नवा व्यास काढताना जुन्या व्यासाच्या घनात वस्तूच्या मापाचा घन चारपट करून मिळवायचा आणि बेरजेचं घनमूळ घ्यायचं. चारपट कशाला? ५ सेंटिमीटरचा गोळा १० चा करायचा तर १००० वजा १२५, म्हणजे ८७५ इतकी भर लागते. व्यासाच्या पाव मापाच्या, म्हणजे १.२५ सेंटिमीटरच्या एका वस्तूतून जेमतेम १.९५ मिळतात. मग ४४८ वस्तू गोळा कराव्या लागतील. एवढ्या वस्तूंत माणूस गेम बंद करून चहाला जातो. चारनं गुणलं की ११२ वस्तूंत काम होतं. तीन मिनिटांत ११२ म्हणजे दर १.६ सेकंदाला एक, आणि हाच वेग हाताला बरा वाटतो. मूळ गेमचा पहिला टप्पाही ३ मिनिटांत १० सेंटिमीटर गाठण्याचाच आहे. आपल्या प्रत्येक टप्प्यात तीनदा दुप्पट व्हायचं, म्हणजे ३३६ वस्तू आणि ९ मिनिटं. मैदानात मात्र ६०० तरी पसरा. नेमक्या ठेवल्या तर शेवटच्या मिनिटात खेळणारा एका शेंगदाण्यासाठी अख्खा बाजार पालथा घालतो.

चिकटण्याचा नियम: वस्तूचं माप गोळ्याच्या व्यासाच्या ०.४ पट किंवा कमी असेल तर ती चिकटते, नाहीतर गोळा आपटतो. इथे सर्वात लांब बाजू न घेता घनमूळ का घेतलं, ते उसाला कळतं. अडीच मीटर लांब आणि ३ सेंटिमीटर जाड उसाचं माप निघतं १३.१ सेंटिमीटर. म्हणजे ३३ सेंटिमीटरच्या, कलिंगडाहून थोड्या मोठ्या गोळ्याला अडीच मीटरचा ऊस चिकटतो. गोळा वाढतो जेमतेम अडीच सेंटिमीटर, पण ऊस दोन्ही बाजूंना आडवा बाहेर येतो आणि गोळा लंगडत, ठेचकाळत चालायला लागतो. खेळणारा त्या उसाला शिव्या घालत हसतो. लांब बाजू धरली असती तर ऊस सहा मीटरच्या गोळ्याला काडीसारखा चिकटला असता आणि कुणाच्या लक्षातही आला नसता.

भाकरीचंही तसंच. २२ सेंटिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची भाकरी १४.५ सेंटिमीटरच्या गोळ्यालाच चिकटते, म्हणजे गोळ्यापेक्षा भाकरी मोठी. पोकळ वस्तूंचा गुणाकार मात्र घनमूळ काढण्याआधी ०.३ नं गुणून कमी करा. नाहीतर प्लास्टिकची खुर्ची चिकटवायला दीड मीटरचा गोळा लागतो आणि डोळ्याला ते खोटं वाटतं. कमी केल्यावर ती सुमारे १ मीटरच्या गोळ्याला चिकटते. दहा मीटर लांब, अडीच रुंद, तीन उंच अशी एसटी याच हिशेबानं ७ मीटरच्या गोळ्याला लागते.

गोळा बांधणे

नवा प्रकल्प उघडताना रेंडरर, म्हणजे चित्र पडद्यावर उमटवणारा भाग, ‘कॉम्पॅटिबिलिटी’ निवडा. जुन्या लॅपटॉपवर आणि फोनवर तोच चालतो, वेबवर तर दुसरा चालतच नाही.

गोळ्यासाठी रिजिडबॉडी-थ्रीडी नोड (भौतिकीच्या नियमांनी हलणारी वस्तू) घ्या. त्याच्या आत गोलाकार कोलिजनशेप (टक्कर मोजणारा आकार) आणि गोलाची मेश (डोळ्याला दिसणारा आकार) ठेवा. वस्तुमान ५ ठेवा आणि ते शेवटपर्यंत ५ च राहू द्या. खऱ्यासारखं वाढवत नेलं तर तिसऱ्या टप्प्यात गोळा इतका जड होतो की समोरची प्रत्येक गोष्ट जमिनीत गाडली जाते. गुरुत्वाकर्षण ९.८ वरून ३० करा. पहिल्या दोन टप्प्यांतलं एकक मीटरहून लहान असल्यामुळे ९.८ वर गोळा फुग्यासारखा तरंगतो. घर्षण १ ठेवा.

व्यास वाढवताना रिजिडबॉडीचा स्केल बदलायचा नाही. भौतिकीचा हिशेब तो स्केल पुढच्याच क्षणी पुसून टाकतो. कोलिजनशेपच्या गोलाची त्रिज्या बदला आणि फक्त गोळ्याच्या मूळ मेशचा स्केल बदला. चिकटलेल्या वस्तू मेशच्या पोटात टाकू नका, त्यांना रिजिडबॉडीखाली वेगळा नोड करून त्यात ठेवा. नाहीतर गोळा मोठा होताना शेंगदाणेही मोठे होतात.

लोटण्यासाठी टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, लावायचा. पुढच्या दिशेला गोळा जायचा तर टॉर्कचा अक्ष म्हणजे ‘वर’ आणि ‘पुढे’ या दोन सदिशांचा क्रॉस गुणाकार, याच क्रमानं. क्रम उलटला की गोळा मागं पळतो. टॉर्क किती? १.४ गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले हवं ते त्वरण. त्वरण व्यासाच्या सहापट धरा. सुरुवातीला ३ येतं, टॉर्क ५.२५. शेवटी त्वरण २४, टॉर्क ३३६. हे २४ मुद्दाम ३० च्या आत ठेवलं आहे. त्वरण ‘घर्षण गुणिले गुरुत्वाकर्षण’ याच्या वर गेलं की गोळा लोटला न जाता जागीच गरगरतो, चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकासारखा. कमाल वेग सेकंदाला व्यासाच्या चौपट, त्याच्या वर टॉर्क बंद.

धडक ओळखण्यासाठी ‘कॉन्टॅक्ट मॉनिटर’ चालू करा आणि ‘मॅक्स कॉन्टॅक्ट्स रिपोर्टेड’ ८ करा. ही संख्या मुळात ० असते, त्यामुळे सिग्नल जोडूनही काहीच घडत नाही आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो. वस्तूला धडकल्यावर माप तपासा. चिकटणारी असेल तर तिची मेश ‘रीपेरेंट’नं गोळ्याखालच्या नोडमध्ये हलवा आणि वस्तूची मूळ बॉडी काढून टाका. ही दोन्ही कामं थेट सिग्नलच्या आत करू नका, ‘कॉल डिफर्ड’नं पुढं ढकला. भौतिकीचा हिशेब चालू असताना त्यातली वस्तू उचलली की गोडो लाल अक्षरांत ओरडतं.

चिकटलेल्या वस्तू दिसण्यापुरत्याच, त्यांना टक्कर नको. अपवाद लांब वस्तूंचा: ऊस, बांबू, शिडी, तिफण. त्यांना गोळ्यात एक बारीक कॅप्सूल आकार द्या, पण गोळ्याच्या पृष्ठभागाबाहेर अर्ध्या व्यासापेक्षा जास्त येऊ देऊ नका. दिसणारा ऊस थोडा जमिनीत घुसतो, त्याची तक्रार कुणी करत नाही. पूर्ण लांबीचा आकार दिला तर मात्र गोळा बांबूउडी मारून भिंतीपलीकडे जातो. असे आकार एकावेळी तीनच, चौथा आला की सर्वात जुना काढायचा. सेंटर ऑफ मास (वस्तुमानाचा मध्य) ‘कस्टम’ करून शून्यावर बांधा, नाहीतर एक शिडी चिकटताच गोळा एका कुशीवर झोपतो.

जोरात आपटल्यावर, म्हणजे एका झटक्यात वेग सेकंदाला दोन व्यासांहून जास्त घटला तर, शेवटच्या तीन वस्तू गळून पडू द्या आणि व्यासही तेवढा कमी करा. गळालेली वस्तू थोडी उडाली पाहिजे. चिकटलेल्या मेश २५० झाल्या की सर्वात जुनी काढून टाका. ती तोवर आत गाडली गेलेली असते.

हाताळणी मूळ गेमसारखी दोन काड्यांची, म्हणजे कंट्रोलरवरच्या दोन जॉयस्टिकची. दोन्ही पुढे केल्या की पुढे, एकच केली की वळण. पुढची गती म्हणजे डाव्या-उजव्याची बेरीज भागिले दोन, वळण म्हणजे डाव्यातून उजवा वजा करून भागिले दोन, कमाल वळण सेकंदाला १०० अंश. कीबोर्डवर डावा हात डब्ल्यू-एसवर, उजवा वर-खालच्या बाणांवर. फोनवर पडद्याचे दोन भाग करून दोन अंगठे. ‘एकच जॉयस्टिक देऊ, सोपं पडेल’ हा मोह टाळा. दोन काड्यांत येणारी किंचित अडचण हाच ओझं लोटण्याचा भास आहे.

कॅमेरा गोळ्याच्या आत ठेवला तर तोही गरगरा फिरतो आणि खेळणाऱ्याला मळमळतं. तो बाहेर वेगळा ठेवा, अंतर व्यासाच्या पाचपट, उंची अडीचपट. मात्र हे अंतर सतत बदलू नका. व्यास सव्वापट वाढला की एकदम, अर्ध्या सेकंदात मागं सरकवा. सतत सरकणाऱ्या कॅमेऱ्यात आपण मोठे झालो हे कळतच नाही. झटक्यात सरकला की मघाची भिंत पायरीएवढी दिसते, आणि हसू नेमकं तिथे फुटतं.

मैदान आणि माल

पहिला टप्पा भाजीवालीच्या पालाखाली. ५ सेंटिमीटरच्या गोळ्याला २ सेंटिमीटर मापापर्यंतचं चालतं: भुईमुगाची शेंग, चिंचोका, लसणाची पाकळी, सरकी, शर्टाचं बटण, ५ रुपयांचं नाणं. ज्वारीचा एकेक दाणा ठेवू नका, मूठभराचा एक ढीग म्हणजे एक वस्तू. मग लिंबू, वांगं, मोसंबी, केसर आंबा, भाकरी, चप्पल (एकच), अडकित्ता, तराजूचं माप.

दुसऱ्यात बाजाराची गल्ली: कळशी, कापसाचं बोचकं, खुर्च्या, भोंगा, आणि उस्मानाबादी शेळी. ही शेळी बहुतेक काळी आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. म्हणून तिला धडक दिली की दुसरी कुठून तरी निघाली पाहिजे. सव्वा मीटरच्या गोळ्याला शेळी चिकटते. त्याआधी तिनं गोळ्याला शिंगावर घेतलं पाहिजे. हा क्रम पाळा: प्रत्येक हलती वस्तू आधी त्रास देणारी, नंतर पळणारी, शेवटी चिकटून ओरडणारी. गोळ्याचा व्यास तिच्या चिकटण्याच्या मापाच्या ०.८ पट झाला की तिनं पळायला सुरुवात करायची. हा पळण्याचा टप्पा गाळला तर विनोदाचा निम्मा भाग गेला. देवणी बैल, लाल कंधारी गाय याच नियमानं, फक्त बैलानं पळताना मागं वळून बघायचं.

तिसऱ्यात गाव ते तालुका: उसाची ट्रॉली, एसटी, वाढदिवसाचे फ्लेक्स, साखर कारखान्याचं धुराडं, आणि पाण्याचे टँकर. शेवटी आगगाडी ठेवायची असेल तर २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी गाडी आहेच. एका वाघिणीत ५० हजार लिटर, पूर्ण ५० वाघिणींत २५ लाख लिटर. हे सगळं पाणी एका गोळ्यात ओतलं तर व्यास जेमतेम १७ मीटर भरतो, आपला शेवटचा गोळा त्याहून मोठा. दुष्काळाची थट्टा करताना कुणावर हसतो आहोत ते नीट ठरवा. टँकर रिकामा निघाला यावर हसावं, घागर घेऊन रांगेत उभ्या बाईवर नाही. तिचा गोळ्यात समावेशच करू नका. देवळं, दर्गे, पुतळे आणि खऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे तर मैदानातच नकोत. दौलताबादची सुमारे २०० मीटर उंचीची टेकडी पार्श्वभूमीला राहू द्या, न चिकटणारी.

मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी साधनात, प्रत्येकी १५० ते ३०० त्रिकोणांत. रंग सपाट, टेक्श्चर (वर चिकटवायचं चित्र) नको. निर्यातीपूर्वी स्केल ‘अप्लाय’ करा, नाहीतर गोडोमध्ये वस्तू दिसते एक आणि मोजली जाते दुसरी. मूळबिंदू तळाशी. साठ वेगळ्या वस्तू पुरतात. त्यांचीच मांडणी विचित्र करा: खुर्च्यांची रांग आणि प्रत्येकीवर एक कोबी, सभा भरल्यासारखी.

पाट्या, बोली, आप्पा

वस्तू चिकटली की कोपऱ्यात तिचं नाव आणि एक ओळ दाखवा. ओळ कोरडी हवी, सहा शब्दांच्या आत, उद्गारचिन्ह नको.

एसटी थांबा: एसटी नाही.
लग्नपत्रिका: तारीख उलटून गेली.
प्लास्टिकची खुर्ची: पाय तीन.
वाढदिवसाचा फ्लेक्स: भाऊ, दादा, आण्णा, तिघेही गॉगलमध्ये.
पाण्याची टाकी: उद्घाटन झालं.
उस्मानाबादी शेळी: दोन मोजा.

‘टाकीत पाणी नाही, हाहा’ असं लिहिलं की संपलं. वस्तूची गंभीर नोंद करणारा कारकून डोळ्यासमोर ठेवून लिहा.

मूळ गेममध्ये राजपुत्राचा बाप, अखिल ब्रह्मांडाचा राजा, दारूच्या नशेत आकाशातले तारे फोडतो आणि भरपाई पोराकडून करून घेतो. तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, आणि बोलताना आवाजाऐवजी तबकडी घासल्याची खरखर ऐकू येते. आपल्याकडे चावडीवरचे आप्पा घ्या. आप्पांनी झोपेत टेका दिला आणि गावची टाकी आडवी झाली. आता त्या जागी ठेवायला भाच्यानं गोळा आणायचा. आप्पा माफी मागत नाहीत, कौतुक करत नाहीत. १० सेंटिमीटरला: ‘एवढंच? आमच्या वेळेस लिंबू याहून मोठं यायचं.’ खेळणारा दहा सेकंद थांबला तर: ‘काय करलालास रे? लोट की.’ ही लातूर-नांदेडकडची बोली झाली. जालन्याकडचे आप्पा असतील तर ‘काय करू राह्यला’ म्हणतील. कुठलंही एक घ्या, पण दोन्हींची मिसळ करू नका, ऐकणारा पहिल्या वाक्यात ओळखतो. आप्पांच्या आवाजासाठी हलगीच्या चामड्यावर नख घासून फोनवर रेकॉर्ड करा.

अक्षरांचं एक सांभाळा. गोडो ४ मध्ये जोडाक्षरं नीट उमटतात, गोडो ३ मध्ये तुटतात. गोडोच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही. लॅपटॉपवर सिस्टिमचा फॉन्ट आपोआप उचलला जातो म्हणून सगळं ठीक दिसतं, आणि वेबवर गेल्यावर नुसते चौकोन. मुक्त परवान्याचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी प्रकल्पातच घाला. पाटीची उंची रफार आणि वेलांटीला पुरेल एवढी ठेवा.

आवाज

चिकटल्याचा आवाज तीन-चार प्रकारचा, दर वेळी पिच (सुराची उंची) ०.९ ते १.१ मध्ये बदलता. सलग पाच वस्तू एका सेकंदात चिकटल्या तर प्रत्येकीचा सूर आधीपेक्षा थोडा वर. ‘मॅक्स पॉलिफोनी’ ६ करा, ती १ असली की नवा आवाज जुन्याला कापतो. संगीताला हलगी आणि संबळ पुरेत, स्वतः रेकॉर्ड केलेले. डीजेची गाणी घेऊ नका, हक्क दुसऱ्याचे असतात. ताल गोळ्याबरोबर चढवायचा तर पिच वाढवून चालत नाही, हलगी डब्यासारखी वाजते. तीन लयींत तीन तुकडे वाजवून घ्या आणि टप्प्यागणिक बदला. फाइल ऑग ठेवा, एमपीथ्रीच्या टोकाशी जी बारीक पोकळी राहते ती प्रत्येक फेरीला ठेका चुकवते.

खेळायला देणे

पाच जणांना द्या, त्यांतले दोघं तरी गेम न खेळणारे. हाताळणी समजावू नका, गप्प बसून कितव्या सेकंदाला हसले ते लिहा. पहिल्या मिनिटात कुणीच हसलं नाही तर पाट्यांना हात लावू नका. पहिला त्रास देणारा प्राणी अलीकडे आणा, पालाखाली एक कोंबडी पुरते. दोन काड्यांवर कुणी दीड मिनिटानंतरही अडखळत असेल तर वळणाचा वेग १०० वरून ७५ अंशांवर आणा. सगळे एकाच जागी अडकत असतील तर तिथे मधल्या मापाच्या वस्तू कमी पडल्या आहेत. अडकलेल्या व्यासाच्या ०.३ ते ०.४ पट मापाच्या वीसेक वस्तू तिथेच टाका.

वाटण्यासाठी आधी वेब. गोडो ४.३ आणि पुढच्या आवृत्त्यांत थ्रेडशिवाय निर्यात होते, त्यामुळे साध्या होस्टिंगवरही चालतं. निर्यातीचे साचे (एक्सपोर्ट टेम्प्लेट्स) एक जीबीच्या आसपास असतात, ते घरच्या मोबाइल डेटावर न उतरवता वायफाय मिळेल तिथे उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. अँड्रॉइडला ओपनजेडीके १७ आणि अँड्रॉइड एसडीके लागतं. एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर बसवायची फाइल, मित्रांना थेट पाठवता येते. प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. हे बाराजण आधीच गाठून ठेवा, आणि गेमवर डिजिटल सही करायची कीस्टोअर फाइल दोन ठिकाणी जपा. ती आणि तिचा पासवर्ड हरवला की पुढचा अपडेट चढवताना अडून बसावं लागतं.